नवव्या ठिकाणी डावीकडे

गावात पाहण्यासारखी बारा ठिकाणं होती. निदान पालिकेच्या पाटीवर तरी बारा. खरं पाहिलं तर त्यातली चार नुसती भरीला घातलेली. पण आठ ठिकाणांसाठी एवढा प्रवास करून कोण येणार, असा विचार पालिकेच्या साहेबांनी केला आणि बंदरावरचा बसायचा साधा कट्टासुद्धा ऐतिहासिक होऊन बसला. पाहुणे समुद्रदरवाज्यापाशी गाडीतून उतरायचे आणि दरवाज्याच्या पोटातल्या छोट्या खोलीत शिरायचे. तिथे डबीवाले असायचे.

डबीवाले म्हणजे पूर्वीचे दरवाज्याचे राखणदार. पंचवीस वर्षं त्यांनी सकाळी दार उघडलं आणि संध्याकाळी लावलं. मग पालिकेने बोलणाऱ्या डब्या आणल्या. गळ्यात दोरी, कानात बोंडं, ठिकाणाचा आकडा दाबला की डबी त्या ठिकाणाची गोष्ट सांगते. अशा चौदा डब्या. रोज त्या पुसायच्या, कानातली बोंडं स्पिरिटच्या कापसाने साफ करायची, रात्रभर चार्जिंगला लावायच्या, एवढंच आता काम. पण डबीवाले ते काम अशा निगुतीने करत की पाहणाऱ्याला वाटावं, लहान मुलांचे कानच पुसताहेत.

डबीतला आवाज त्यांच्या बायकोचा होता. ती शाळेत बाई होती, पहिलीच्या वर्गाची. तीस वर्षं तिने गावातल्या पोरांना अक्षरं शिकवली, त्यामुळे गावातला प्रत्येक मोठा माणूस तिला बाईच म्हणायचा आणि ती समोर आली की शर्टाची बटणं नीट करायचा. आवाज स्वच्छ, शब्द सुटे, कुठे घाई नाही. "आता तुमचा हात तोफेवर ठेवा. गार लागते ना?" असं ती म्हणाली की भले भले लोक तोफेवर हात ठेवून मान डोलवायचे. विहिरीपाशी ती सांगायची, "समुद्र इथून चाळीस पावलांवर आहे, तरी पाणी गोड. विश्वास नसेल तर चाखून बघा." दोरवाल्यांच्या गल्लीत ती फरशीवरच्या खाचा मोजायला लावायची. आणि प्रत्येक ठिकाणाच्या शेवटी, वर्गात धडा संपल्यावर म्हणायची तेच म्हणायची: "चला, पुढे."

बाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. डब्या अजून बोलत होत्या.

डबीवाले स्वतः त्या कधी ऐकत नसत. बिघडली की नाही हे पाहायला ते फक्त एक नंबर दाबायचे, तिचं "नमस्कार" ऐकायचे आणि झटकन बंद करायचे. नऊ नंबर तर त्यांनी तीन वर्षांत दाबलाच नव्हता.

नऊ नंबरचं प्रकरण गावाला ठाऊक होतं. दोरवाल्यांची गल्ली जिथे तटाला जाऊन भिडते तो कोपरा म्हणजे नववं ठिकाण. तिथून उजवीकडे गेलं की दीपगृह आणि डावीकडे गेलं की मालाच्या होड्या लागायच्या त्या जुन्या पायऱ्या, शेवाळाने माखलेल्या. डबीत बाई म्हणायच्या, "इथून डावीकडे वळा." पहिल्याच वर्षी एक म्हातारे पाहुणे डावीकडे वळले आणि घसरून मनगट मोडून बसले. मग प्रत्येक डबीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली गेली: नवव्या ठिकाणी उजवीकडे वळावे.

आणि गावाला विनोद मिळाला. पहिलीच्या पोरांकडे तोंड करून उभं राहायचं, तर पोरांना उजवा हात कळावा म्हणून बाईंना स्वतःचा डावा वर करायला लागायचा. तीस वर्षं उलटा हात वर केला, शेवटी बाईंचंच उजवं-डावं उलटं झालं, असं लोक म्हणायचे. विनोद वाईट नव्हता. दुःखाला भेटायला आलेल्यांपैकीसुद्धा एकाने तो हळूच सांगितला, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. बसलेले सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. डबीवालेही हसले होते.

ते हसू त्यांच्या पोटात तीन वर्षं तसंच पडून होतं.

त्या वर्षी हंगाम सरत आला तेव्हा एका ढगाळ दुपारी एक गृहिणी सासूबाईंना घेऊन डब्या परत द्यायला आली. सासूबाई दमून बाकावर टेकल्या. गृहिणीने सात नंबरची डबी टेबलावर ठेवली.

"किती गोड बोलतात हो या बाई! अगदी बोट धरून नेल्यासारखं," ती म्हणाली. "फक्त त्या कोपऱ्यावर मला 'अहो' म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. मी मेली वाट बघत उभी. मला वाटलं आता काही सांगतील."

"काय म्हणाल्या?"

"अहो. एवढंच."

"मला नाही तसं काही म्हणाल्या," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "मला डावीकडे वळा म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर उजवीकडे. मी म्हटलं, आधी तुमच्यात ठरवा."

सून हसली. डबीवाल्यांनी दोन्ही डब्या उचलल्या, पण एक खाली पडता पडता वाचली. पाहुण्यांना वाटलं, वय झालं.

अहो. हा शब्द म्हणजे रस्त्यावरच्या कुणालाही मारायची हाक. पण डबीवाल्यांना आयुष्यात या नावाने एकच माणूस हाक मारत होतं. स्वयंपाकघरातून, अंगणातून, झोपेतून. आणि डबीतल्या मजकुरात तो शब्द कुठेही नव्हता. हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसणार, कारण मजकूर त्यांनीच लिहिला होता.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी सात नंबरची डबी कानाला लावली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नऊचा आकडा दाबला. "हा तटाचा कोपरा. समोर समुद्र आहे, पण आधी पायाखाली बघा." पुढचं सगळं जसंच्या तसं. डावीकडे वळा. चला, पुढे. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या पाहुणीच्या मनाचे खेळ, ते स्वतःशी म्हणाले. वाऱ्याचा आवाज आला असेल.

चार दिवसांनी एक निवृत्त मास्तर आले. माणूस टापटिपीचा, डबी परत देताना दोरीसुद्धा गुंडाळून दिली. म्हणाले, "एक सूचना करतो, राग मानू नका. नवव्या ठिकाणी वाचणाऱ्या बाई मध्येच कुणाशी तरी बोलल्यात. 'अहो, हे...' असं काहीतरी. तेवढं काढून टाका. ऐकणाऱ्याचा रसभंग होतो."

डबी सात नंबरचीच होती.

 हे वाक्य डबीवाल्यांनी ऐकलेलं होतं. आणि ते पुढे कसं जातं हेही त्यांना माहीत होतं.

रेकॉर्डिंग झालं होतं त्यांच्याच घरी, भर दुपारी. खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या, पंखा बंद, घड्याळ काढून शेजारी ठेवलेलं. रेकॉर्डिंगवाला माणूस घामाने निथळत होता आणि त्याला चारची बस गाठायची होती. बाई कागद हातात धरून वाचत होती. शाळेतली लाल शाई तिच्या हाडीमाशी भिनलेली; वाचता वाचता नवऱ्याच्या मजकुरातल्या वेलांट्यासुद्धा तिने सुधारल्या होत्या. नवव्या ठिकाणाशी ती थांबली.

"अहो, हे उजवीकडे ना?" तिने विचारलं होतं.

आणि डबीवाले तडकले होते. वेलांट्यांवरून आधीच धुसफूस झाली होती, त्यात परक्या माणसासमोर ही नवी चूक काढतेय. "आहे तसं वाच," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं चालतोय मी त्या वाटेने. तू मला रस्ता शिकवणार?"

"मी आत्ता जाऊन बघून येते पटकन."

"बस चुकेल त्याची. वाच!"

 तिने लाल पेनाने डावीकडे या शब्दाभोवती गोल केला, पुढे काहीतरी लिहिलं आणि आहे तसं वाचलं. मधलं बोलणं रेकॉर्डिंगवाल्याने कापून टाकलं.

चूक साधी होती आणि फक्त त्यांच्याच हातून होण्यासारखी होती. पंचवीस वर्षं ते त्या वाटेने चालले हे खरं, पण सकाळी, घरून दरवाज्याकडे. घर दीपगृहामागे. म्हणजे ते बारा ठिकाणं शेवटाकडून पहिल्याकडे चालायचे. तटाच्या कोपऱ्यावर ते रोज डावीकडे वळून गल्लीत शिरायचे. संध्याकाळी परतताना भाजी घ्यायची म्हणून बाजारातून जायचे. पाहुण्यांच्या दिशेने ते त्या कोपऱ्यावर जवळजवळ कधी गेलेच नव्हते. लिहिताना डोळे मिटले, पायांनी सांगितलं डावीकडे, हाताने लिहिलं डावीकडे.

आणि हे कळलं तेव्हा ते साहेबांच्या खोलीत उभे होते. म्हाताऱ्यांचं मनगट मोडल्याची तक्रार टेबलावर होती. साहेब म्हणाले, "बाईंनी चुकून डावीकडे वाचलेलं दिसतंय." डबीवाल्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. पंचवीस वर्षं दरवाजा राखलेल्या माणसाला आपल्याच गावात डावं-उजवं कळत नाही, हे त्यांच्या जिभेवर येईना. साहेब पुढे म्हणाले, "जाऊ द्या, होतं असं. बाईंना काही बोलू नका." झालं. तेवढ्यात संपलं.

घरी बाईने विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?"

ती काही बोलली नाही. पहिलीच्या वर्गात तिची एक सवय होती. पोराने चूक केली की ती उत्तर सांगायची नाही. त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायची, अर्धा तास लागला तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तटाच्या कोपऱ्यावर गेली, बाण काढायला. भिंतीवर उजवीकडे जाणारी लांब रेघ ओढली. मग फळ्यावर लिहिल्यावर जशी दोन पावलं मागे सरून ओळ सरळ आहे का ते बघायची, तशी मागे सरली. मागे पायऱ्या होत्या.

तीन दिवस ती दवाखान्यात होती.

भिंतीवरची रेघ तशीच राहिली. टोक नसलेली. कुठेच न दाखवणारी. पालिकेने पायऱ्यांना साखळी लावली, ती खाऱ्या हवेने खाल्ली आणि आता नुसते दोन खुंट उरले होते. डबीवाले तेव्हापासून सकाळीही बाजारातूनच यायचे.

सात नंबरची डबी त्यांनी बंद करून टेबलाच्या खणात ठेवली. वर कुलूप लावलं. त्याच खणात, कापसाच्या गुंडाळीखाली, तो कागदही होता. लाल गोलाचा. फाडून टाकायला किती वेळ लागतो? पण तिच्या हातची ती शेवटची लाल शाई होती, आणि ती फाडायची त्यांची छाती झाली नाही.

पुढच्याच दुपारी कॉलेजातल्या दोन मुली खिदळत आल्या. त्यांच्याकडे चार नंबरची डबी होती, दोघींनी एकेक बोंड कानात घालून सगळं गाव पालथं घातलं होतं.

"काका, त्या बाई कोणाला तरी विचारतात, 'अहो, हे उजवी...' आणि मग कट! भारी आहे. मुद्दाम ठेवलंय का?"

"मुद्दाम," डबीवाले म्हणाले. 

मुली गेल्या. डबीवाल्यांनी चार नंबरची डबी ऐकली. नेहमीचंच. सगळ्या चौदा डब्या त्या संध्याकाळी एकामागून एक ऐकल्या. प्रत्येकीत बाई शांतपणे डावीकडे वळायला सांगत होती. त्यांच्याशी ती बोलतच नव्हती. परक्या लोकांना मात्र दर खेपेला एकेक शब्द जास्त सांगत होती. आणखी एक शब्द, की वाक्य पुरं.

त्यांना भीती वाटली. भुताची नव्हे. तिची कसली भीती? ती दारात येऊन उभी राहिली असती तर त्यांनी पाय धरले असते. भीती होती ती वाक्य पुरं होण्याची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पालिकेचं पत्र आलं. नवं रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. आवाज बाईंच्या लेकीचा.

लेक दुसऱ्या शहरात मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. आवाज हुबेहूब आईचा, फक्त थोडी घाई असलेला. ती शनिवारी आली, पिशवी टाकली, चहा घेतला आणि थेट दरवाज्याच्या खोलीत आली.

"बाबा, पालिकेने नवा मजकूर दिलाय, पण मला आईचा जुना कागद हवाय. तिने कुठे थांबायचं ते खुणा केलेल्या असतील ना. मला तिच्यासारखंच वाचायचंय."

"तो कधीच गेला," डबीवाले खणाला पाठ लावून म्हणाले.

"बरं, मग एक डबी द्या. ऐकून येते."

काय कारण सांगणार? त्यांनी अकरा नंबरची दिली, त्यातल्या त्यात गरीब वाटली म्हणून. लेक गळ्यात डबी घालून निघाली आणि ते दाराशी उभे राहून ती तोफेवर हात ठेवते ते बघत राहिले. मग ती वळणाआड गेली. आता जकातघर. आता बर्फाची कोठी. आता विहीर. त्यांच्या हातात कापूस होता, तो त्यांनी पिंजून पिंजून पार संपवला. दीड तासाने ती आली. डोळे लाल.

"काय झालं?"

"काही नाही. आईच्या आवाजात बाराही ठिकाणं ऐकली. दुसरं काय होणार?" ती बाकावर बसली. "बाबा, नवव्या ठिकाणी काही आवाज येतो का हो? कागद वाजल्यासारखा? मला वाटलं ती काही बोलणार आहे. तीनदा लावलं. नुसता कागद वाजतो आणि मग तेच, डावीकडे."

डबीवाल्यांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नसेल.

"इतकी हुशार बाई," लेक म्हणाली, "आणि तेवढं एक चुकली. त्या एका शब्दापायी गेली."

रविवारी दुपारी घरातल्या त्याच खोलीत पुन्हा गोधड्या लागल्या. रेकॉर्डिंगवाला नवा होता, पण घाम तोच. त्याला बसची घाई नव्हती, मोटरसायकल होती. डबीवाले दाराशी स्टूल टाकून बसले, कुणी कडी वाजवू नये म्हणून. लेक वाचत गेली. तोफ, जकातघर, विहीर. छान वाचत होती. आठ ठिकाणं कशी सुरळीत पार पडली.

"ठिकाण नववे," तिने सुरू केलं. "हा तटाचा कोपरा. इथून उजवीकडे वळावे. सूचना: आधीच्या ध्वनिमुद्रणात निवेदिकेच्या चुकीमुळे..."

ती थांबली.

"परत घेऊ, ताई," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"आधीच्या ध्वनिमुद्रणात निवेदिकेच्या..." आवाज फाटला. ती पाणी प्यायली. "हे वाचायलाच पाहिजे का?"

"पालिकेने खास घालायला सांगितलंय. लोकांनी पुन्हा डावीकडे जाऊ नये म्हणून. जुन्या छापील पत्रकातही तसंच आहे ना."

तिसऱ्यांदा तिने सुरुवात केली. डोळे मिटून, मुठी आवळून, आईच्याच आवाजात. निवेदिकेच्या चुकीमुळे. म्हणजे आता हे दगडावर कोरलं जाणार होतं. पुढची दहा वर्षं बाईंच्याच आवाजासारखा आवाज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार होता की बाई चुकली. आणि सांगणारी तिचीच लेक.

डबीवाल्यांना त्या बंद खोलीत कागद वाजल्याचा आवाज आला. लेकीचा कागद तर टेबलावर स्थिर होता.

"थांब," ते म्हणाले.

"बाबा, मध्ये बोलू नका ना, आता होत आलं होतं."

"थांब म्हणतो ना! मी आलोच."

ते अनवाणीच धावले. बाजारातून नाही. सरळ, जवळच्या वाटेने, दीपगृहाला वळसा घालून, तटाच्या कडेने, कोपऱ्यावर डावीकडे गल्लीत. तीन वर्षांनी. भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही. खोलीचं दार उघडलं, खण उघडला, कागद घेतला आणि तसेच परत आले. या वेळी कोपऱ्यावर उजवीकडे वळले. रेकॉर्डिंगवाला तोवर गोधडी बाजूला करून बाहेर हवा खात बसला होता.

कागद त्यांनी लेकीच्या हातात दिला. तिने आधी अक्षर ओळखलं, वडिलांचं. मग डावीकडे हा शब्द. त्याभोवतीचा लाल गोल. आणि पुढे लाल शाईत, शाळेच्या वळणदार अक्षरात: उजवीकडे ना?

"तिने विचारलं होतं," डबीवाले म्हणाले. दम लागल्यामुळे शब्द सुटे सुटे येत होते. "एकदा तोंडी, एकदा या कागदावर. जाऊन बघून येते म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. आहे तसं वाच म्हटलं. चूक माझी. साहेबांपुढे मी गप्प बसलो. आणि लोक हसले तेव्हा मीही हसलो."

लेकीने लाल गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दवाखान्यात मी आईला विचारलं होतं. आठवतं? तुम्ही शेजारीच होतात. म्हटलं, आई, एवढं साधं कसं चुकलीस गं तू?"

"आठवतं."

"ती मला काही बोलली नाही. तिने तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला लाज वाटतेय."

डबीवाल्यांनी खाली बघितलं. बाईने त्यांच्याकडे बघून "अहो" एवढंच म्हटलं होतं, आणि ते घाईघाईने म्हणाले होते, बोलू नकोस, दम लागेल तुला. दम तिला लागणार नव्हता. ती थांबली होती, पोराच्या तोंडून उत्तर येईल म्हणून.

"मी तिला रागावले, बाबा," लेक म्हणाली. "शेवटचं बोललेलं आमचं ते आहे."

याच्यावर माफी मागायला तोंड कुठून आणायचं? त्यांनी मागितली नाही. ते टेबलाशी गेले, लेकीच्या खुर्चीत बसले आणि रेकॉर्डिंगवाल्याला हाक मारली.

"नववं मी वाचतो."

"काका, मजकूर पालिकेचा आहे, बदलता येत नाही."

"साहेबांना मी सांगतो. तू सुरू कर."

कुठला मजकूर नव्हताच. त्यांनी सांगितलं ते असं: "हा तटाचा कोपरा. इथून उजवीकडे वळा. आधी या डबीत डावीकडे असं होतं. ते चूक होतं. ही चूक वाचणाऱ्या बाईंची नव्हती. बाईंना बरोबर माहीत होतं, त्यांनी विचारलंही होतं. चूक लिहिणाऱ्याची. लिहिणारा मी, बाईंचा नवरा. दरवाज्यावर डबी मीच देतो." मग ते अडखळले. शेवटी 'चला, पुढे' म्हणायचं हे त्यांना माहीत होतं, पण ते शब्द बाईंचे होते. त्यांनी ते म्हटले नाहीत.

लेक संध्याकाळच्या गाडीने गेली. उरलेली तीन ठिकाणं तिने एका दमात वाचून टाकली होती. दाराशी तिने वडिलांना वाकून नमस्कार केला, पण "येते" म्हणाली नाही. "निघते" म्हणाली. डबीवाल्यांना फरक कळला, आणि आपण यालाच लायक आहोत हेही कळलं. तो कागद तिने बरोबर नेला.

सोमवारी डब्या भरून घ्यायला पालिकेचा माणूस आला आणि तेरा डब्यांत नवे आवाज भरून गेला. सात नंबरची खणात होती, ती राहून गेली. दुपारी पाहुणे नव्हते. समुद्र ओसरलेला, आकाश राखाडी, हवा अशी थांबलेली की दोरवाल्यांच्या गल्लीतले पडदेसुद्धा हलत नव्हते. डबीवाल्यांनी खोलीला कडी लावली, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला, सात नंबरची डबी गळ्यात घातली आणि पाहुण्यांसारखे एक नंबरपासून निघाले.

प्रत्येक ठिकाणी ते उभे राहिले. तोफेवर हात ठेवला, गार लागली. विहिरीचं पाणी चाखलं. खाचा मोजल्या, सत्तावीस भरल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी यातलं काही केलेलं नव्हतं. बाई सांगत होती आणि ते करत होते. प्रत्येक वेळी तिने चला, पुढे म्हटलं आणि ते पुढे गेले.

नवव्या ठिकाणी त्यांनी आकडा दाबला. कानात कागद वाजला आणि मग काहीच नाही. ती नुसती तिथे होती, जशी वर्गात बाकाशेजारी उभी राहायची तशी. त्यांनी ब्रश बुडवला. तिच्या रेघेच्या उजव्या टोकाला एक तिरकी रेघ ओढली, मग दुसरी. बाण झाला. रेघ तीन वर्षांत पिवळी पडली होती आणि टोक पांढरं शुभ्र, त्यामुळे जोडकाम उघड दिसत होतं. सरळ आलंय का, ते बघायला ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक.

"अहो!"

ते जागच्या जागी थिजले. हळूच मान वळवून पाहिलं तर उजवी टाच पायरीच्या कडेबाहेर अधांतरी होती. खाली हिरवं शेवाळ आणि त्याखाली पाणी. त्यांनी पाय आत घेतला आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. 

कानात तिने घसा साफ केला. मग सावकाश, शब्द सुटे करून, तिने विचारलं, "हे उजवीकडे ना?"

"हो गं," डबीवाले म्हणाले.  "उजवीकडेच. तुझंच बरोबर होतं."

डबीत कागद उलटल्याचा आवाज झाला. ते उभे राहिले, तिचं पुढचं ऐकायला.